ग्रहणातली सुई

ग्रहण लागणार होतं संध्याकाळी, पण विजयाबाईंनी वेध पाळायला सुरुवात केली ती सकाळी सहालाच. सुऱ्या, कात्र्या, सुया सगळं कपाटात गेलं. दाराला आतून कुलूप लागलं आणि किल्ली त्यांच्या कमरेला. आठवा महिना लागलेल्या सुनेला, अश्लेषाला, त्यांनी बैठकीच्या खोलीत खुर्चीवर बसवलं, मांडीत नारळ दिला आणि बजावलं की ग्रहण सुटेपर्यंत जागचं हलायचं नाही. सरकारचे कायदे या घरात खुशाल मोडले जात. विजयाबाईंचा एकही मोडायची कुणाची छाती नव्हती.

आणि अश्लेषाला आज दोनच्या आत दवाखान्यात पोचायचंच होतं. महाराज बाड्याच्या चौकापलीकडे, रिक्षानं जेमतेम दहा मिनिटं.

दर मंगळवारी एक अशी तीन इंजेक्शनं होती. दोन झाली होती, तिसरं आज. रक्ततपासणीत सिफिलिस निघाला तेव्हा नर्स सोनिकानं तिला कोपऱ्यात नेलं होतं. "दीदी, तीसरा वाला मत छोड़ना. आगे होली की छुट्टी है. गैप हो गया तो फिर पहले से शुरू, और अब उतना टाइम नहीं बचा. बच्चे को लग जाएगा. मरा हुआ भी पैदा होता है."

आजार कुठून आला हे विचारायची गरज नव्हती. नवरा, युवराज, महिन्यातले दहा दिवस दौऱ्यावर असे. त्यानं स्वतःची इंजेक्शनं केव्हाच गुपचूप टोचून घेतली होती आणि बायकोला पढवलं होतं, आईला सांग, रक्त वाढायचं इंजेक्शन आहे. ही भाबडी तसंच बोलली. आता त्याच खोट्यात ती अडकली होती.

"आई, मी जाऊन लगेच येते," ती चौथ्यांदा म्हणाली.

"रक्ताचंच ना? शनिवारी घे. तोवर बीट खा."

"शनिवारी उशीर होईल हो."

"ग्रहणात गरोदर बाईच्या अंगाला सुई? मी जिवंत असेपर्यंत नाही."

अश्लेषानं समोर पाहिलं. युवराज सोफ्यावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. तो एक वाक्य बोलला असता तर कुलूप उघडलं असतं.

"अगं, आई म्हणतेय तर शनिवारी जाऊ ना," तो म्हणाला. "क्या फर्क पड़ता है."

तिला त्याची किळस आली. खरं सांगितलं तर बोट कुणाकडे वळणार हे तिला ठाऊक होतं. सुनेकडेच. बाळानं लाथ मारली, मांडीतला नारळ हलला. एक वाजून गेला होता.

विजयाबाई शेजारी येऊन टेकल्या. आवाज एकदम खाली आला.

"तुला वाटतं, म्हातारी छळते. माझी दोन गेली, अश्लेषा. या युवराजच्या आधी. दोन्ही मेलेलीच जन्मली. पहिल्या वेळी मी ग्रहणात झबल्याला बंद शिवला होता. तुझे सासरे जन्मभर म्हणत राहिले, तुझ्या सुईनं गेली."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळी तर सुईला हातसुद्धा लावला नव्हता गं."

अश्लेषाला सोनिकाचे शब्द आठवले. तिनं नारळ खाली ठेवला.

"आई, हे रक्ताचं इंजेक्शन नाही. मला गुप्तरोग झालाय. यांच्याकडून. आज सुई घेतली नाही तर हेही मेलेलं जन्मेल."

"काय बकतेस?" युवराज ताडकन उठला. विजयाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो होता तिथेच बसला.

"किती इंजेक्शनं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"तीन. आठवड्याला एक."

विजयाबाईंची नजर भिंतीवरच्या, हार घातलेल्या नवऱ्याच्या, कृष्णरावांच्या फोटोकडे गेली.

"यांनाही तीनच होती," त्या म्हणाल्या. "आठवड्याला एक. मला म्हणाले, कंबरदुखीची आहेत."

त्यांनी कमरेची किल्ली सोडली.

"दवाखाना किती वाजेपर्यंत?"

"दोन."

"चपला घाल. मी येते."

"आई, अगं वेध लागलेत," युवराज पुटपुटला.

विजयाबाईंनी खालचा नारळ उचलला आणि लेकाच्या मांडीत आदळला.

"तू बस," त्या म्हणाल्या. "ग्रहण सुटेपर्यंत."