ताप उतरल्यावर

माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून फिट यायच्या. मोठेपणी एक गोळी लागू पडली आणि त्या थांबल्या. मग तो सुतारकाम शिकला, लग्न झालं, मुलगी झाली. तिला पहिल्यांदा अंघोळ घालताना मला म्हणाला, "ताई, आता मला माझीच भीती वाटत नाही गं."

लेक रांगायला लागली तेव्हा त्याच्या मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झाला. दवाखान्यात सलाईनमधून जालीम अँटिबायोटिक सुरू केलं. ताप उतरला, आमचा जीव भांड्यात पडला. भावजय लेकीला घेऊन भेटायला आली. लेक त्याच्या मांडीवर असतानाच त्याला फिट आली. ती खाली पडणार, तोच मी तिला झेललं.

"गोळी चुकली का?" मी डॉक्टरांना विचारलं.

"नाही, वेळेवर दिलीय. पण या अँटिबायोटिकमुळे रक्तातलं गोळीचं प्रमाण एकदम घटतं. आमच्या ध्यानात यायला हवं होतं."

त्यांनी अँटिबायोटिक बदललं. पुन्हा फिट आली नाही. भाऊ घरी आला, रंधा हातात धरू लागला. पण लेक दोन्ही हात पसरून त्याच्याकडे झेपावली की तो मागे सरकतो.

"घ्या की, तुमचीच आहे," भावजय म्हणते.

"नको. ताईकडे दे."