काटोलला निघालेला निळा माणूस

कामिनी धंतोलीतल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. लहानपणी ती ज्यावर जीव टाकायची, तोच व्हिडीओ गेम तिला ऑनलाइन मिळाला. तीच पिवळी कॅसेट, तसाच दोन बटणांचा रिमोट. रविवारी दुपारी तिनं तो टीव्हीला जोडला आणि मांडी ठोकून बसली.

निळा माणूस आला. उडी, खड्डा. पुन्हा उडी, पुन्हा खड्डा. मागे तेच तेच ढग. चहा निवायच्या आत गेम संपलासुद्धा! ना संत्र्यांचा बगीचा आला, ना चिडकी आत्या.

"बाबा, हा तो गेमच नाही," ती हिरमुसून म्हणाली. "आपला माणूस काटोलला आत्याकडं चालला होता ना?"

तिचे वडील रुपराव दिवाणावर बसून मेथी निवडत होते. गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानातली नोकरी संपल्यापासून भाजीचं खातं त्यांच्याकडे होतं. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं आणि त्यांना हसूच फुटलं.

"हाच हाय तो. काटोल मी सांगत होतो वं! तू रोज इचारायची, हा कुठं चालला म्हणून. काहीतरी सांगा लागे."

"अन् आत्या?"

"ते माही खरी आत्या. लय चिडकी होती."

"म्हणजे मी शाळेत भैरवीशी उगाच भांडली? ती म्हणे, असं काही नाहीच गेममधी!"

रुपराव आणखीनच हसले. कामिनीनं रिमोट त्यांच्या हातात कोंबला. "आता तुम्हीच खेळा."

"मले कुठं येते? मी तर मागं बसून नुसता बोलत होतो."

पण ते खेळायला लागले. उडी मारताना स्वतःचेच खांदे उचलायचे आणि माणूस खड्ड्यात. तीनदा, चारदा. "फालतू गेम हाय," ते वैतागले.

"पडला नाही तो," कामिनी म्हणाली. "विहिरीत उतरला. तहान लागली त्याले."

रुपरावांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "मंग लवकर पी म्हणा. बस सुटून राहिली!"

पुढच्या उडीला खड्डा पार झाला. "पाहिलं का वं?" ते ओरडले. मांडीवरची मेथी सतरंजीभर झाली.

"पाहिलं. आता समोरून कोण येऊन राहिलं, सांगू?"

"सांग ना!" टीव्हीवरची नजर न हलवता रुपराव म्हणाले, आणि चष्मा वर सारून पुढे सरकले.