शेजारची खुर्ची

आमचे हे अडतीस वर्षं नाटकांचा पडदा ओढत होते. नट बदलले, मालक बदलले, दोर मात्र ह्यांच्याच हातात राहिला. त्यामुळे मी फुकटच्या पासावर शेकड्यांनी नाटकं पाहिली आणि सगळी एकटीनं. शेजारी कधी चिवडा खाणाऱ्या बाई, कधी घोरणारे काका. नवरा विंगेत. म्हणून हे निवृत्त झाल्यावर धाकट्या लेकीनं विचारलं, "आई, तुला काय हवं?" तेव्हा मी एका दमात सांगून टाकलं, "एक नाटक. ह्यांच्या शेजारी बसून."

लेक माझ्यापेक्षा दोन पावलं पुढे. तिनं थेट नाट्यगृहांच्या त्या प्रसिद्ध रस्त्याची सहल ठरवली. एकाच रस्त्यावर बावीस नाट्यगृहं, लोक कुठून कुठून बघायला येतात. दोन दिवसांचा ट्रॅमचा पास, एक नकाशा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या नाटकाची दोन तिकिटं. त्याच रात्री परतीची गाडी.

पहिला दिवस ह्यांनी वाया घालवला, असं मी स्पष्ट म्हणते. सगळे लोक दिव्यांच्या पाट्यांखाली फोटो काढत होते आणि आम्ही मागच्या बोळांत. ट्रकमधून खोटे जिने उतरत होते, ते हे तासभर पाहत उभे. लाल छत्री उंच धरून माहिती सांगणारी बाई एका नाट्यगृहात आमच्या घोळक्याला म्हणाली, "ही पाहा जगप्रसिद्ध गॅलरी." ह्यांनी विचारलं, "पडदा वर जातो की बाजूला?" तिला ते ठाऊक नव्हतं. नंतर दिवसभर हे तिच्याकडे जरा कीव केल्यासारखे पाहत होते. नकाशा उलटा धरून आपल्याला दोनदा चुकीच्या ट्रॅममध्ये बसवलंत, ते मात्र विसरलात, असं मी ऐकवलं. तेवढंच मनाला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी अजिबात धोका पत्करला नाही. अडीचलाच ह्यांना नाट्यगृहात आणून बसवलं. बाहेरच्या दालनाच्या कोपऱ्यात एक बाक होता, तिथं आम्ही कॉफी घेतली. मी नवी साडी नेसले होते. ह्यांनी चक्क बूट पुसले होते. पहिल्या घंटेला उठायचं नाही, दुसरीला पाणी प्यायचं, तिसरीला जागेवर असायचं, ही आमच्या संसाराची शिस्त. तेव्हा आम्ही घंटेची वाट पाहत निवांत गप्पा मारत बसलो. दालन हळूहळू रिकामं झालं.

"लोकांना घाई फार," हे म्हणाले. "अजून पहिलीसुद्धा झाली नाही."

मला ते पटलं, हे कबूल केलं पाहिजे.

थोड्या वेळानं दारावरची बाई जवळ आली. करड्या कोटातली, आमच्याच वयाची. "तुम्हाला आत नाही जायचं?"

"घंटा होऊ दे की," मी म्हटलं.

"घंटा? इथं घंटा नसते, बाई. नाटक सुरू होऊन दहा मिनिटं झाली. आता मध्यंतरापर्यंत दार उघडता येणार नाही."

मी कपाळावर हात मारला. हे उठून तिच्याशी बोलायला गेले. आपण याच धंद्यातले, वगैरे सांगितलं. ती नम्रपणे नाहीच म्हणाली. परत येऊन हे म्हणतात कसे, "बरोबर आहे तिचं. मीही सोडलं नसतं."

"तिची बाजू घ्या तुम्ही!" माझा आवाज चढला आणि मग रडूच आलं. साठी ओलांडलेल्या बाईनं परक्या दालनात रडावं, याची लाजही वाटली. पण अडतीस वर्षांत एक गोष्ट मागितली होती, तीही अर्धी झाली. दुसरं काय करणार?

दारावरच्या बाईनं पाणी आणून दिलं.

मध्यंतरात आम्ही आत गेलो. सातवी रांग, मधल्या दोन खुर्च्या. हे अंग चोरून बसले, पाहुण्याच्या घरी बसावं तसे. अर्धी गोष्ट हुकल्यामुळे कोण कुणाचं हे कळायला मला वेळ लागला. एक म्हातारी आई होती, तिची मुलं घर सोडून चालली होती. शेवटच्या प्रवेशात सगळे गेले. ती खुर्चीवर बसली, रिकाम्या दाराकडे पाहून काहीतरी बोलायला लागली आणि थांबली. नंतर तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मला सांगता येणार नाही. पडदा अगदी सावकाश पडला. लोक उभे राहिले, टाळ्या झाल्या, माणसं पांगली. हे उठेनात.

"अहो, चला."

"दर वेळी असं असतं?" ह्यांनी विचारलं.

"काय?"

"शेवटी. त्यांचे चेहरे. शेवटच्या वाक्याला माझी नजर खुणेच्या दिव्यावर असायची. दिवा विझला की ओढायचं. चेहरा कधी पाहिलाच नाही."

मी पुन्हा खुर्चीत बसले.

"आणि तू हे असलं एकटीनं बघायचीस. बघून एकटीच घरी जायचीस."

"जायचे."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही रात्री दीडला यायचात. जेवून झोपायचात. कुणाला सांगू?"

ह्यांनी माझा हात धरला. चारचौघांत हात धरणारा माणूस नव्हे तो. बाहेर आलो तेव्हा अजून उजेड होता, गाडीला तीन तास होते.

"आता सांग," हे म्हणाले.

"कुठलं नाटक?"

"सगळी. पहिल्यापासून."

ट्रॅमच्या थांब्यावर बसून मी आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या नाटकापासून सुरुवात केली. दोन ट्रॅम समोरून निघून गेल्या. ह्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.