डेलबर्टला न घाबरवणारं गाव

मोटरहोम विकायचं ठरवताना डेलबर्टने मला विचारलंसुद्धा नाही. सकाळी कॉफी ओतता ओतता म्हणाला, "शेजारच्या फ्लॉरेन्स गावचा एक माणूस बघायला येणारे. तीन आठवड्यांनी, रविवारी. आवडलं तर त्याच दिवशी घेऊन जाईल."

बसएवढी गाडी, आत पलंग, शेगडी, न्हाणी, सगळा संसार. निवृत्त झाल्यावर मोठ्या हौसेने घेतलेली. त्याआधी चौतीस वर्षं डेलबर्टने ॲरिझोनातल्या आमच्या कासा ग्रान्देच्या कालव्यांवर पाटकऱ्याचं काम केलं. कुणाच्या कापसाला कधी दार उघडायचं, कधी पाडायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्याच सवयीने मोटरहोमच्याही याद्या केल्या. दोन वर्षं याद्याच केल्या, गाडी अंगणातच! शेवटी एकदाची बाहेर काढली आणि पहिल्याच पेट्रोलपंपावर बुटक्या छताखाली घातली. आम्ही पुढे निघून गेलो, टपावरचा एसी तिथेच राहिला. अर्धं गाव बघत होतं. तेव्हापासून माझ्या नवऱ्याचा धीर सुटला तो सुटलाच. साधी मोटार चालवायलाही नको म्हणायचा. किराणा आणायला मी, डॉक्टरकडे न्यायला मी, आणि हे महाशय शेजारी बसून उगाच ब्रेक दाबणार.

त्याचा थोरला भाऊ असाच एक दिवस सोफ्यावर बसला होता. तो पुन्हा म्हणून उठला नाही. मला भीती वाटत होती ती त्या सोफ्याची. नाहीतर त्या गाडीचं मला काय लोणचं घालायचं होतं?

"वीक," मी म्हणाले. "पण आधी एकदा तिच्यातून मला समुद्र दाखव. परत आल्यावरही विकावीशी वाटली, तर त्या माणसाला मीच किल्ली देईन."

"समुद्र? म्हणजे मेक्सिको?"

"मग काय, ॲरिझोनात समुद्र खोदतोस का?"

त्याने कप खाली ठेवला. नाही मात्र म्हणाला नाही. मी तेवढ्यावर झडप घातली.

दर गुरुवारी आमच्या मोटरहोमवाल्यांच्या क्लबात जेवण असतं, घरटी एक पदार्थ. मी बटाट्याचं सॅलड नेलं आणि चूक केली ती अशी, की सगळ्यांना विचारलं, पहिल्या खेपेला कुठलं गाव बरं? झालं! जो तो आपलंच गाव विकायला लागला. एकीचं मासात्लान, एकाचं सान कार्लोस. आमच्या क्लबाचा अध्यक्ष हॉलिस तर बाहावर, मेक्सिकोच्या त्या लांबलचक द्वीपकल्पावर, जीव ओवाळून टाकलेला. वीस हिवाळे बाहाच्या खाडीवर काढलेला माणूस. माणूस दिलदार, पण त्याच्याहून शहाणा अजून जन्माला यायचाय.

"कन्सेप्सिओनची खाडी!" तो म्हणाला. "गाडी सरळ वाळूवर न्यायची. दार उघडलं की पायाशी पाणी. ना कुंपण, ना चौकीदार."

"आणि रस्ता?" डेलबर्टने विचारलं.

"घाट आहे थोडा. अरुंद आहे. समोरून ट्रक आला की आरसा आत घ्यायचा आणि देवाचं नाव घ्यायचं."

डेलबर्टचा चेहरा चुन्यासारखा झाला.

तेव्हा मला कळलं, की मी चुकीच्या माणसांना विचारत होते. गाव निवडायचं ते सुंदर कुठलं हे बघून नव्हे, डेलबर्ट कशाला भितो हे बघून. मी त्याच्यासमोर नकाशा पसरला आणि म्हणाले, "तुला कशाकशाची भीती वाटते ते सांग. लाजू नकोस, पंचेचाळीस वर्षं झाली लग्नाला."

तोही मग मोकळा झाला. घाट. अरुंद रस्ते. बुटकी छतं. गाडीचे परवाने आणि कागदपत्रं. आजारी पडलो तर काय. भाषा. एकेका भीतीला मी एकेक गाव खोडत गेले. घाटाने बाहा गेलं. लांब पल्ल्याने आणि परवान्याने मासात्लान गेलं. सान कार्लोस वाईट नव्हतं, पण एका दिवसात होण्यासारखं नव्हतं. शेवटी एकच नाव उरलं, पुएर्तो पेन्यास्को. आमच्याकडचे लोक त्याला रॉकी पॉइंट म्हणतात. लूकव्हिलला हद्द ओलांडली की शंभर किलोमीटर सपाट, सरळ रस्ता. गाडीला परवाना नको, फक्त तिकडचा विमा. गावात दवाखाना, आणि अर्ध्या गावाला आमची भाषा येते.

हॉलिस पोट धरून हसला. "रॉकी पॉइंट? अगं नोरीन, तिथे कॉलेजची पोरं जातात! ते काय मेक्सिको आहे?"

"समुद्र खारट आहे ना? मग झालं."

तरी तो बायकोला माहेरी सोडून आमच्यासोबत निघाला. नवख्यांना एकटं पाठवायचं नाही, असा क्लबाचा नियम. त्याची गाडी आमच्या दीडपट, पुढे तो, मागे आम्ही. हद्दीवर हिरवा दिवा लागला, कुणी अडवलं नाही. हद्दीपलीकडच्या सोनोइताच्या गतिरोधकांवर डेलबर्ट गोगलगायीसारखा गेला, मागचे हॉर्न मारत राहिले, मी खिडकीतून हात दाखवत राहिले. पण पोचलो. शिट्टी मारत होता तो! मला वाटलं, जिंकले.

घाई केली मी. मुक्कामाच्या तळावर गाडी मागे घेऊन लावायची असते, आणि नवखा माणूस गाडी मागे घेतोय म्हटलं की आजूबाजूचे आपापल्या खुर्च्या काढून बघायला बसतात. हा आमच्या लोकांचा आवडता तमाशा. पहिल्या खेपेला तिरकी लागली. दुसऱ्या खेपेला जास्त तिरकी. तिसऱ्या खेपेला तळाच्या मालकीणबाईंच्या झेंडूच्या वाफ्यावरून मागचं चाक गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मालकीणबाई म्हणजे एदुविहेस बोहोर्केस, सगळे तिला दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचे. साठीची, ठेंगणी, हातात कायम पाण्याची नळी. वाफ्याकडे बघून म्हणाली, "असू द्या, सेन्योर. मेलेल्यांच्या सणाला कबरींवर वाहायचा तो, सण होऊन गेला, आता झेंडू कुणाला हवाय?"

सगळे हसले. डेलबर्ट हसला नाही. आत येऊन पलंगावर बसला. "बघितलंस? रविवारी विकायची."

माझंच गाव, माझीच निवड. खरं सांगते, मोरीशी उभी राहून मी रडले.

सकाळी हॉलिस दारात. तो आदल्या दिवसापासून कुरकुरत होता, की कुंपणाच्या आत कोंबड्यांसारखं काय राहायचं. "मी वाळूवर चाललो. बघ किती पसरलीय! वाळूही घट्ट आहे."

ओहोटी होती. पाणी इतकं लांब गेलं होतं, की माणसं ठिपक्यांएवढी दिसत होती. डेलबर्ट भरती-ओहोटीचा तक्ता घेऊन पायरीवर उभा राहिला. "हॉलिस, इथे पाणी दुमजली घराएवढं चढतं. एक वाजता तुझी गाडी जिथे असेल, तिथे मासे असतील."

"वीस वर्षं वाळूवर झोपतोय मी, डेलबर्ट. तू जरा झेंडूकडे लक्ष दे."

बाहाच्या त्याच्या खाडीत पाणी वीतभर वर, वीतभर खाली. वीस वर्षांत त्याने भरती अशी बघितलीच नव्हती. ज्याला काहीच ठाऊक नाही तो ही चूक करत नाही. ही चूक करायला हॉलिसच हवा.

अकराच्या सुमाराला तो धावत आला. गाडी रुतली होती. आम्ही गेलो, तर मागची चाकं अर्धी वाळूत, आणि पाणी, जे सकाळी क्षितिजावर होतं, ते चाळीस पावलांवर. हॉलिस पुन्हा आत चढून एक्सलेटर दाबायला लागला. चाकं आणखी खोल गेली.

"पाय काढ!" डेलबर्ट ओरडला. हा आवाज मी कालव्यावर ऐकला होता, घरात कधीच नाही. "हॉलिस, पाय काढ आणि खाली उतर. चाकांची हवा सोडा. नोरीन, आपल्या डिकीतल्या फळ्या आण, आणि गालिच्याच्या पट्ट्या. दोन्या, ट्रॅक्टर मिळेल?"

"माझ्या भावाचा आहे, होड्या ओढायचा," ती म्हणाली आणि नळी टाकून पळालीच.

खुर्च्यांवाले सगळे फावडी घेऊन आले. डेलबर्ट गुडघ्यांवर बसून चाकांपुढे उतार करून घेत होता, मध्येच मान वळवून पाण्याकडे बघत होता, कालव्याचं दार किती उघडलंय ते बघावं तसा. "वीस मिनिटं आहेत," तो म्हणाला. कुणी घड्याळ बघितलं नाही, सगळ्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला.

ट्रॅक्टर आला, दोर लागला. पहिली लाट मागच्या चाकाला चाटून गेली. आणि हॉलिस तसाच उभा. "मला नाही जमणार," तो पुटपुटला. "मी परत जोरात दाबेन."

डेलबर्टने माझ्याकडे बघितलं. मी, जिने तीन आठवडे तोंडाला कुलूप म्हणून लावलं नव्हतं, ती गप्प राहिले. आयुष्यात एवढं कठीण काम मी दुसरं केलं नसेल.

तो चढला. त्या राक्षसाच्या स्टिअरिंगमागे बसला, आरसे नीट केले (पाणी चढतंय आणि हा आरसे नीट करतोय!), आणि ट्रॅक्टरला हात केला. इतक्या हळू, इतक्या हळू त्याने गाडी सोडली, की आधी वाटलं हललीच नाही. मग फळी करकरली. गालिचा चाकाखाली गेला. एक चाक वर आलं, दुसरं आलं, आणि ते अख्खं धूड पाणी निथळत वर चढलं. चढल्यावरही तो थांबला नाही. घट्ट जमिनीवर, कुंपणाच्या दारातून, बरोब्बर आत नेऊन उभं केलं.

मी किंचाळले. खुशाल किंचाळले, चपला हातात घेऊन नाचले. एदुविहेस मला मिठी मारून नाचली. हॉलिस डेलबर्टच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा हुंदके देत होता, आणि डेलबर्ट त्याची पाठ थोपटत म्हणत होता, "होतं रे असं. माझा तर एसीच राहिला होता पंपावर."

ती गोष्ट त्याने स्वतःहून कुणाला सांगितल्याची ही पहिली वेळ. दुपारी कोळंबीचे ताको खाताना त्याने ती आणखी तिघांना सांगितली. दर वेळी एसी थोडा मोठा होत गेला.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो, हॉलिस आधीच पुढे गेला होता. दुसऱ्या दिवशी फ्लॉरेन्सचा माणूस यायचा होता. विकायची की नाही, हे डेलबर्टने तोंडातून काढलं नव्हतं, आणि मी दिलेल्या शब्दाने बांधले गेले होते. गावाबाहेर फाटा लागला. डावीकडे सोनोइता, हद्द, कासा ग्रान्दे. उजवीकडे काबोर्का, आणि पुढे खाली खाली सान कार्लोस.

डेलबर्टने उजवीकडचा दिवा लावला आणि गाडी वळवली.

"अरे! घर तिकडे राहिलं!"

"मागेच आहे की," तो म्हणाला. "तुझी भांडी वाजतायत, ऐक."