तळहातावरचं गाणं

बाबांनी तरुणपणी स्वतः बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर नव्या टीव्हीपुढे मुका झाला होता. टीव्हीला आवाज बाहेर काढायला एकच चौकोनी भोक होतं, आणि अ‍ॅम्प्लिफायरला लागायच्या लाल-पांढऱ्या पिना. ताईने मधे जोडायला एक डबी आणली, तरी स्पीकरमधून नुसती खरखरच आली.

"थकलाय तो, माझ्यासारखाच," बाबा म्हणाले.

"दोघांनाही काही झालेलं नाही," म्हणत ताईने टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'ऑटो'चं 'पीसीएम' केलं, म्हणजे डबीला कळेल असा साधा आवाज निवडला. मग तार नीट बसलीय का बघायला तिने डबीतलं टोक बाहेर काढून बाबांसमोर धरलं, तर त्यांच्या तळहातावर लाल ठिपका पडला.

"हा दिवा कसला गं?"

"आवाज आहे तो, बाबा. टीव्ही उजेड करून पाठवतो, डबी त्याची परत वीज करते."

पडद्यावर एक बाई गात होती. जन्मभर तारांशी खेळलेले बाबा तिचं गाणं हातावर घेऊन उभे राहिले.

ताईने तार खोचली. खोली आवाजाने भरून गेली. दोन ओळींमधला त्या बाईचा श्वाससुद्धा ऐकू आला.

"जरा परत काढ ती तार," बाबा हलकेच म्हणाले. "मला अजून बघायचंय."