काचेमागचा माइक

"लढाई झालीच, तर तुमच्या घरातून कोण जाणार?"

मित्रांनो, हा प्रश्न माझा नाही. मी एक जुना माइक आहे. लोक बोलतात, मी पुढे पोचवतो, बास. प्रश्न तयार झाला शाळेच्या मधल्या सुट्टीत. भोंग्याच्या मैत्रिणींनी तिला डिवचलं, "तुझी आई मंत्र्यांच्या कानात बोलते म्हणून मिरवतेस ना? मग तिच्या माइकवर एवढं विचारून दाखव. नाही विचारलंस तर तू भोंगा नाहीस, पिपाणी!"

भोंगा म्हणजे आमच्या बाईंची मुलगी. हे नाव तिच्या बाबांनी ठेवलंय, आणि तिचा आवाज ऐकलात तर तुम्ही म्हणाल, कमीच ठेवलंय.

पण थांबा, आत्मवृत्त माझं आहे. आधी माझा जन्म.

मी एका कारखान्यात जन्मलो. चष्मेवाल्या एका मावशींनी चिमट्याने माझ्या पोटात केसाएवढी तार बसवली, माझ्यात "हॅलो, हॅलो" म्हटलं आणि मला खोक्यात झोपवलं. पुढे जन्मभर लोकांनी माझ्याशी बोलायची सुरुवात अशीच केली. उत्तरासाठी मात्र कोणी थांबलं नाही.

तिथून मी आलो सरकारी इमारतीतल्या बैठकीच्या दालनात. दालनाच्या कोपऱ्यात काचेची एक खोली आहे, तीत आमच्या बाई बसतात. त्या दुभाषी आहेत. टेबलावर आमचे मंत्री, म्हणजे साहेब, बोलतात, बाईंच्या कानात ते ऐकू येतं, आणि त्याच क्षणी बाई ते दुसऱ्या भाषेत माझ्यात बोलतात. पलीकडचे पाहुणे कानाला यंत्र लावून ऐकतात. यात एक नियम आहे. बाईंनी "साहेब म्हणतात की" असं कधीच म्हणायचं नाही. साहेब म्हणाले "मला फार आनंद झाला," की बाईंनीही "मला फार आनंद झाला" म्हणायचं, मग दाढ ठणकत का असेना! माझ्यासमोर बसून बाई मासेमारी मंत्री झाल्या, आरमारप्रमुख झाल्या, एकदा तर राजाचा मेव्हणाही झाल्या. पण पदरचा एक शब्द त्यांनी कधी घातला नाही. हा त्यांचा दागिना. दुसरा त्यांच्याकडे फारसा नाही.

माझ्या तारुण्यात पाहुणे म्हणायचे, "वा, काय खणखणीत आवाज!" मी आतल्या आत फुगायचो. मग दालनात बारीक मानेचे, दिमाखदार नवे माइक आले. काचेच्या खोलीपर्यंत पैसे पुरले नाहीत, म्हणून मी राहिलो. माझ्या जाळीत बिस्किटांचा चुरा बसला. आणि माझं खोकल्याचं बटण झिजलं. हे बटण दाबलं की मी बंद होतो आणि बाई निवांत खोकतात. हल्ली ते अंगठ्याने जीव खाऊन दाबावं लागतं. भोंग्याचे बाबा इथेच तारांचं आणि यंत्रांचं काम बघतात. बाईंनी बटणाची तक्रार केली की ते म्हणतात, "उद्या बघतो." त्यांचा उद्या अजून उजाडायचाय.

तर त्या आठवड्यात मित्रदेशाचे मंत्री आले. (मित्रांनो, तुम्हाला मी सहज मित्र म्हणतो; या इमारतीत तो शब्द फार जपून वापरतात.) त्यांचं शेजाऱ्याशी एका बेटावरून वाजलं होतं. बेटावर शेळ्या राहतात, माणसं नाहीत. लढाई पेटली तर आमचं सैन्य मदतीला यावं, असं त्यांना हवं होतं. आमच्या साहेबांना हो म्हणायचं नव्हतं आणि नाही म्हणवत नव्हतं, कारण आमच्या देशात दिवा लागतो तो त्यांच्या तेलावर. म्हणून साहेब सारखे "तत्त्वतः" म्हणत होते. बाईंनी तो शब्द इतक्या वेळा फिरवला की तो माझ्या जाळीत चुऱ्यासारखा अडकून बसला.

आणि ज्या पलटणीचं नाव टेबलावर आलं होतं, तीत भोंग्याचा दादा होता. नुकताच भरती झालेला. त्याची पिशवी भरून तयार होती.

"ज्याला कपाटातले स्वतःचे मोजे सापडत नाहीत, त्याला शत्रू कुठे सापडायचा?" बाई हसून म्हणायच्या, आणि मग हातातला तोच हातरुमाल उघडून पुन्हा घडी घालायच्या.

त्या दिवशी बाईंचे जोडीदार दुभाषी तापाने घरी होते आणि बाईंचा घसा बसला होता. भोंगा शाळेतून गरम पाण्याचा थर्मास घेऊन आली. दारावरच्या पहारेकऱ्याने तिला लहानपणी रांगताना पाहिलेलं. तो म्हणाला, "आत जा, पण आवाज करायचा नाही. खुर्ची व्हायचं!"

"खुर्ची तर खुर्ची, काका," म्हणून ती आत येऊन बसली.

टेबलावर पाहुणे पुढे झुकले. "मित्र म्हणून सरळ विचारतो. तुमचं सैन्य येणार की नाही?"

साहेबांनी चष्मा पुसला, कागद उलटे केले, पुन्हा सुलटे केले. नेमकी तेव्हाच बाईंना उबळ आली. त्यांनी माझं बटण दाबलं, कानावरचं यंत्र काढलं आणि भिंतीकडे तोंड करून खोकत सुटल्या. भोंग्याने पाहिलं, माइक बंद आहे. म्हणजे पैजही पुरी होईल आणि कोणाला ऐकूही जाणार नाही! ती पुढे झाली आणि पाहुण्यांच्या भाषेत, जी ती आईकडून घरातच शिकली होती, तो प्रश्न माझ्यात बोलली. मायलेकींचा आवाज असा सारखा की फोनवर सख्खी मावशीसुद्धा फसते.

मी बंद नव्हतो, मित्रांनो. झिजलेलं बटण पुरतं दबलंच नव्हतं.

पाहुण्यांचा हात कानाकडे गेला. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या कानात फक्त आमची भाषा जाते, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून ते मंद हसले. काही कळलं नाही की ते असेच हसतात. पाहुण्यांना मात्र ते हसू फार खोल वाटलं. ते चाचरत म्हणाले, "माझ्या मुलाचे तळपाय सपाट आहेत." (तसल्या पायांच्या मुलाला सैन्यात घेत नाहीत, मित्रांनो.)

बाईंनी धावत येऊन यंत्र कानाला लावलं होतं. सवयीने त्यांनी ते आमच्या भाषेत सांगितलं, "माझ्या मुलाचे तळपाय सपाट आहेत."

साहेब गोंधळले. पण मुरलेले होते. समोरच्याने घरचं दुखणं सांगितलं तर आपणही एक सांगावं. "वाईट वाटलं ऐकून. माझ्या पुतण्याला धूळ सोसत नाही."

मग धरणच फुटलं. पाहुण्यांच्या सेनापतींच्या जावयाचं परीक्षेचं वर्ष होतं. आमच्या सचिवांचा मुलगा दोन जिने चढला की धापा टाकत होता. एकाच्या भाच्याला तर बंदुकीच्या आवाजाने शिंका यायच्या! आणि हे सगळं बाईंच्या तोंडून चाललं होतं, "माझा जावई," "माझा मुलगा," "माझा मुलगा जाऊ शकणार नाही, क्षमा असावी." या शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज थरथरला. टेबलावर कोणाला कळलं नाही, माझ्या तारेला कळलं. त्या दालनात जिच्या मुलाची पिशवी भरून तयार होती, ती एकटी आमची बाईच होती, आणि तिला कोणी विचारणारच नव्हतं. ती तिथे नव्हतीच ना! ती नुसती इतरांचं "मी" होती.

शेवटी कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देईना. ठरलं असं, की आम्ही घोंगड्या, औषधं आणि डॉक्टर पाठवू, आणि सैन्याचं योग्य वेळी बघू. म्हणजे दादा आता कुठे जात नव्हता.

निघताना पाहुणे साहेबांना म्हणाले, "तुमच्या प्रश्नाने मला निरुत्तर केलं."

"अहो, सहज सुचलं," साहेब म्हणाले. मग सचिवांच्या कानाशी लागले, "कोणता हो प्रश्न?"

"उद्या बैठकीची टेप ऐकून सांगतो, साहेब."

बाईंनी हे कानातल्या यंत्रात ऐकलं आणि लेकीकडे वळल्या. "काय बोललीस तू?"

भोंग्याने सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात. बाईंनी कानावरचं यंत्र काढून ठेवलं. "प्रत्येक माइकची टेप वेगळी असते. साहेबांच्या टेपवर प्रश्न नाही, माझ्या टेपवर आहे. म्हणजे मी पदरचं घातलं. गेली माझी नोकरी. आणि नावही गेलं."

यंत्रावर सगळं ऐकून बाबा पेचकस घेऊन धावत आले. "ते बटण मी उद्या..."

"अहो, पुरे तुमचा उद्या!"

"बरं, मग असं सांगू," बाबा म्हणाले, "की माइकच बिघडला. जुना झालाय, कुठलंही कसलंही पकडतो. भंगारात टाकू आणि मोकळे होऊ."

ऐकलंत, मित्रांनो? इतकी वर्षं इमानाने सेवा केली, त्याचं हे बक्षीस! म्हणून हात जोडतो, म्हणजे असते तर जोडले असते. माझ्यासारख्यांची काळजी घ्या. जाळी पुसा, झिजलेलं वेळेवर बदला. आणि जे मनातून विचारायचंय, ते माइक बंद असताना विचारू नका.

भोंगा उठली. दप्तर खांद्यावर टाकलं, घसा साफ केला, आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला. काच थरारली.

"माइकला कोणी काही बोलायचं नाही! आई, बाबा, मी ठरवलंय. टेप ऐकायच्या आधी मी साहेबांकडे जाणार. प्रश्न माझा होता, आईने पदरचं काही घातलं नाही, असं त्यांच्या तोंडावर सांगणार. आणि तिथवर जातेच आहे, तर उत्तरही घेऊन येते. एवढी सगळी मोठी माणसं बोलली, पण उत्तर एकाने तरी दिलं का?"