पाहुणीला पाणी

आईशी माझं शेवटचं बोलणं झालं ते पाण्यावरून. ती मशीनवर कुणाच्या तरी शाळेच्या गणवेशाची दुमड उसवत होती आणि मी कामावर निघाले होते. दोरा दातांत धरूनच तिनं विचारलं, "पाहुणीला पाणी विचारलंस का?"

"आई, मी एकतीस वर्षांची आहे."

"तुझं वय तुझ्यापाशी. ती माझ्या वयाची आहे. मोठ्यांचा मान ठेवावा."

मी ग्लासभर पाणी प्यायले आणि निघाले; रात्री परतले तेव्हा ती झोपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही.

पाहुणी म्हणजे तिची किडनी. मी नऊ वर्षांची असताना ती माझ्या पोटात बसवली. लाखात एखाद्याला होणाऱ्या आजारानं माझ्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आधीची दोन वर्षं डायलिसिसवर काढली, पाणी कपानं मोजून. तहान लागली की मी ओला रुमाल चोखायचे. ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता रोज दोन लिटर प्यायचं. मला खरंच वाटेना; घोट घशाखाली उतरेना. तेव्हा आईनं ही पाहुणीची युक्ती काढली. घरी कुणी आलं की आधी पाणी विचारतो, मग हिला नको? माझ्या सगळ्या फ्रॉकांची इलॅस्टिकंही तिनं उसवली. पाहुणीला अडचण नको म्हणे.

युक्ती लागू पडली. पंधरा दिवस मी शहाण्यासारखी प्यायले. मग एका दुपारी आईकडे एक गिऱ्हाईक बाई आल्या, पाणी प्यायल्या, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाल्या, "चला, येते."

मी हातातली बाटली खाली ठेवली. पाणी झालं की पाहुणे उठतात.

त्या दिवसापासून माझ्या बाटलीतलं थोडं पाणी मी इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीत ओतायचे, बाकीचं मोरीत. आई हसायची, ही बाटली मी भरते कधी तेच आठवत नाही, म्हातारी झाले.

आठवड्यात रक्ताचा रिपोर्ट बिघडला. मला पुन्हा भरती केलं. शरीर किडनी नाकारतंय की काय, अशी शंका होती. पाणी कमी पडतंय का, असंही डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आईनं छातीठोकपणे सांगितलं, बाटली रोज रिकामी होते, मी स्वतः बघते. मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझीच खोटी निघाली का हो?"

मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

सलाईननं दोन दिवसांत आकडे उतरले. तिसऱ्या दिवशी मी एवढंच विचारलं, पाहुणी परत कधी जाणार? आई म्हणाली, "जाते कुठे? इकडची जागा शिवून टाकलीय." त्या संध्याकाळी मी सगळी बाटली संपवली. हळूहळू शाळा सुरू झाली, उंची वाढली, फ्रॉक आखूड झाले.

पण दर रिपोर्टला, बावीस वर्षं, आई कागद हातात घ्यायच्या आधी विचारायची, "माझी नीट वागतेय ना?" मी हो म्हणायचे. तेवढंच.

आज तिची खोली आवरायला आले. गणवेश मशीनवर तसाच आहे, एक बाजू उसवलेली. इस्त्रीजवळ ती बाटली, निम्मी भरलेली. मी स्टुलावर बसले.

"आई," मी म्हणाले, "तेव्हा पाणी मी ओतत होते. ह्या बाटलीत. तिला जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून. तुझी कधीच खोटी नव्हती."